तीन पट्ट्यांचा गहू

"दमानं. जमीन काय पळून चालली न्हाई."

पाभरीमागून चालताना आक्का हे वाक्य इतक्यांदा म्हणायच्या, की बैलांनाही ते पाठ झालं असावं. पुढे त्यांचे दीर बैल हाकायचे आणि मागे आक्का चाड्यात गहू सोडत चालायच्या. चाडं म्हणजे पाभरीवरचं लाकडी वाडगं. त्यात सोडलेलं बी नळ्यांतून खाली उतरतं आणि फणाने उघडलेल्या मातीत पडतं. कुणाला चाड्यावर बी सोडताना तुम्ही नीट पाहिलं असेल, तर सगळं काम अंगठ्याचं असतं हे तुमच्या ध्यानात आलं असेल. मूठ हलत नाही, मनगट हलत नाही, फक्त अंगठा जरासा सरकतो आणि दाण्यांची धार लागते. ती धार जाड झाली की ओळीत गर्दी होते, बारीक झाली की ओळ विरळ पडते. सुरू करण्याआधी आक्का वाकून चिमूटभर कोरडी माती घ्यायच्या आणि तळहातावर चोळायच्या. घामाने दाणा हाताला चिकटू नये म्हणून. मग मान हलवायच्या, आणि बैल निघायचे.

भोंगवलीच्या आसपास त्यांचा हात नावाजलेला होता. उगवण झाली की लोक बांधावरूनच ओळी बघत आणि म्हणत, "हितं आक्काचा हात हाय." मी त्यांना ओळखू लागलो तोवर पेरणी बहुतेक ट्रॅक्टरवर गेली होती. तरी लहान तुकडेवाले, चढावरच्या रानातले लोक त्यांना बोलावून न्यायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती वेल्ह्याकडे पालीला दिलेली. आक्का दिरांच्या घराला लागून दोन खोल्यांत एकट्या राहत. गावातले सगळे त्यांना आक्का म्हणत, तसा मीही म्हणू लागलो.

मी कृषी सहायक. भोंगवलीकडे येण्याआधी सहा वर्षं वेल्ह्यात होतो. तिकडे छत्री वाळत नाही, आणि इकडे छत्री घरी विसरली तरी फारसं बिघडत नाही. तालुके शेजारचे, पण डोंगर मागे पडत गेले की पाऊस आखडत जातो. इकडचा गहू ओलीवर येतो. पावसाळ्याची जी ओल जमिनीत उरली असेल तेवढ्यावर, विहिरीत पाणी असलंच तर एखादी पाळी, नाहीतर तेही नाही. माझ्याकडे अकरा गावं होती, एक मोटरसायकल होती, आणि मोबाईलमध्ये रोज काहीतरी भरायचं असायचं. पन्नाशी ओलांडली होती. बांधावर उभा राहून बोलताना मी अर्ध्या मनाने पुढच्या गावाचा विचार करत असे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात या थकव्याचा मोठा वाटा आहे. त्याच्या आड मला लपायचं मात्र नाही.

आक्कांची माझी पहिली भेट त्यांच्याच गव्हापाशी झाली. पौषाचे दिवस. रस्त्याला लागून त्यांचा दीड एकराचा तुकडा. मी गाडी थांबवली, कारण त्या गव्हाचा रंग मला आवडला नाही. ओळी सुरेख होत्या, पण पीक फिकट आणि बुटकं. आक्का बांधावर गवत काढत होत्या.

"पाणी कमी पडलं का?" मी विचारलं.

"पानी कमी पडाया आधी आसावं लागतं," त्या म्हणाल्या. "पान्याचं न्हाई ह्ये."

मी एक पान तोडून बघितलं. पानाच्या मध्ये शिरांच्या कडेने पांढरट पिवळे पट्टे होते. खत काय टाकता, असं विचारलं, तर त्यांनी डीएपीचं नाव घेतलं. "पयल्या साली एक गोण टाकली, तवा गहू झाला झ्याक. मंग दीड टाकली. औंदा दोन. दर साली जास्ती खातंय, आन दर साली जास्ती झोपतंय."

मी माती नेली. तपासून आली तेव्हा मला वाटलं होतं तेच निघालं. जमीन चुनखडीची. स्फुरद, म्हणजे डीएपीतून मिळणारा फॉस्फरस, बऱ्यापैकी साठलेलं, आणि जस्त, म्हणजे झिंक, नावाला. मी आक्कांना समजावून सांगितलं, की चुन्याच्या जमिनीत जस्त पिकाच्या हाताला लागत नाही, आणि वरून तुम्ही स्फुरद वाढवत गेलात की ते आणखीच अडतं. कोरड्या रानात तर जास्तच, कारण मुळं ओलीच्या मागे खाली जातात आणि खत वर राहतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ताट वाढल्यालं हाय, पर हात बांधल्यात."

हे वाक्य मी नंतर किती सभांमध्ये वापरलं, सांगता येत नाही. कुणाचं आहे ते मात्र कधी सांगितलं नाही.

पुढच्या रब्बीला आमच्याकडे प्रात्यक्षिकं घ्यायची होती. मी आक्कांना विचारलं, की तुमच्या रानात तीन सारख्या पट्ट्या आखूया का. एका पट्टीला काहीच टाकायचं नाही. मधल्या पट्टीला नुसतं सुपर फॉस्फेट. तिसरीला सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मुरवलेलं झिंक. बाकी बी, पेरणी, दिवस, सगळं एक. गहू निघाला की तिन्ही वेगवेगळे मळायचे, वेगवेगळे तोलायचे.

"पयल्या पट्टीला काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"मुद्दाम उपाशी ठिवायची?"

"त्याशिवाय बाकीच्या दोघींना किती मिळालं ते कसं कळणार?"

आक्कांनी रान या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. शेवटी म्हणाल्या, "ठिवते. पर मंग शेवटापत्तूर बघा सायेब. अर्ध्यात सोडायचं आसंल तर आत्ताच सांगा."

मी म्हटलं, "शेवटपर्यंत बघतो."

दसरा झाल्यावर पेरणी केली. दिरांनी ठेवणीतली दोन चाड्यांची पाभर काढली. पुढच्या चाड्यात खत सोडायचं, मागच्यात बी. खत दोन-तीन बोटं खाली पडतं आणि त्याच्यावर दाणा, म्हणजे मूळ खाली उतरलं की खतापाशीच पोचतं. कोरड्या रानाला यापेक्षा चांगली सोय नाही. खताच्या चाड्यावर शेजारची एक बाई होती, तिला सुपर फॉस्फेटचे खडे सारखे सोडता येईनात. आक्कांनी तिला मागच्या चाड्यावर घेतलं नाही, कारण बी त्यांना दुसऱ्याच्या हातात द्यायचं नव्हतं. त्यांनी तिला वेग शिकवला. "मनात धा म्हन. धा झालं की आंगठा. धा झालं की आंगठा." पहिल्या दोन ओळींनंतर ती बाई मोठ्याने दहा मोजू लागली, आणि संध्याकाळी घरी जातानाही तिच्या तोंडातून दहा जाईनात, असं दीर सांगत होते.

मध्येच आक्का थांबल्या. "नळी तुंबली."

दीर म्हणाले, "कुठं तुंबलीया. बी जातंय की."

"आवाज बदलला."

बघितलं तर एका नळीत ओलसर ढेकूळ अडकलं होतं. चार नळ्यांतून पडणाऱ्या दाण्यांचा आवाज त्यांना वेगवेगळा ऐकू यायचा. मी कान लावून पाहिला, मला एकच सरसर ऐकू आली.

पिकाने रंग दाखवायला सुरुवात केली आणि एक अडचण उभी राहिली. तिचा विचार मी केलेला नव्हता. उपाशी पट्टी मी रस्त्याच्या कडेला घेतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला फरक दिसावा म्हणून. फरक दिसलाही. पण लोकांना वाटलं, आक्काचा हात गेला. ती पट्टी विरळ दिसे, कारण तिला बुडातून फुटवेच आले नव्हते. हे बी कमी पडल्याने नाही, हे एसटीच्या खिडकीतून कुणाला कसं कळणार? मी लावलेला फलक तिसऱ्या पट्टीच्या कडेला, आत होता.

आक्का एक दिवस म्हणाल्या, "सायेब, ती उपाशी आत घेता आली आसती का?"

"आता कशी घेणार आक्का? उगवलंय."

"व्हय. आता न्हाई घेता येत."

त्या दिवसापासून दुपारचं काम आटोपलं की त्या रस्त्याकडेच्या बांधावर येऊन बसू लागल्या. ओळखीचा कुणी दिसला की थांबवायच्या आणि सांगायच्या, "ती मुद्दाम उपाशी ठिवलीया. हात न्हाई चुकला." मग सगळा हिशोब पहिल्यापासून. स्फुरद, जस्त, चुना, बांधलेले हात. एसटीचे कंडक्टरही त्यांना ओळखू लागले. एकदा मी तिथे असतानाच गाडी हळू झाली आणि कंडक्टरने दारातून विचारलं, "आक्का, जेवली का न्हाई तुमची पट्टी?"

"न्हाई अजून," आक्का म्हणाल्या. "ह्या सायबाला इचारा."

गाडीतले लोक हसले, मीही हसलो. आक्का हसल्या नाहीत. त्या वर्षी दोन घरांनी त्यांना उशिराच्या हरभऱ्याच्या पेरणीला बोलावलं नाही, हे मला दिरांकडून नंतर कळलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मार्गशीर्षात एकदा मी न सांगता गेलो. आक्का उपाशी पट्टीच्या कडेला उभ्या होत्या आणि पायाशी शेणखताची पाटी होती. मला बघून त्या दचकल्या नाहीत.

"टाकणार होते," त्या म्हणाल्या.

"टाकलंत?"

"न्हाई. तुमाला सबूद दिलाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पर रोज बघावं लागतंय तिच्याकडं. तुमाला महिन्यातनं एकदा बघायचं, तुमाला काय."

ती पाटी त्यांनी उचलली आणि परसातल्या वांग्यांना नेऊन घातली.

गहू पोटरीला, म्हणजे ओंबी सुटायच्या बेताला, आला तेव्हा भोरहून आमचे साहेब आले. तिसरी पट्टी बघून ते खूश झाले. हिरवीगार होती, आणि तिचीच ओंबी आधी बाहेर पडत होती. मधली पट्टी उंचीला बरी, पण फिकट, पानांवर तेच पट्टे. सुपर फॉस्फेट खाऊनही ती उपाशी पट्टीच्या फारशी पुढे गेली नव्हती. खरं तर सांगण्यासारखी गोष्ट तीच होती. साहेबांनी फोटोसाठी जागा निवडली आणि मला म्हणाले, "मधलं यात येऊ देऊ नका. उगाच प्रश्न येतात."

आक्का मागे उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मधलीनं काय केलंय?"

साहेबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मी फोटो काढला. त्यात तिसरी पट्टी आणि साहेब आले.

फाल्गुनात गहू निघाला. दिरांच्या फोनवरून आक्कांचा फोन आला. "गहू कापला. तिन्ही येगळा मळलाय. कधी येताय?"

"उद्या येतो."

मला दुसऱ्या दिवशी एका सर्वेक्षणाच्या कामाला लावलं. परवा भोरला बैठक होती. नंतर दोन गावांत पंचनामे निघाले. आठवड्याने पुन्हा फोन आला, मी पुन्हा उद्या म्हटलं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी गाडीवर होतो, उचलला नाही, आणि मग परत करायचं राहून गेलं. तेवढ्यात अहवालाची मुदत आली. एका दुपारी पंख्याखाली बसून मी अकराच्या अकरा गावांचे आकडे भरले. जिथे तोललं होतं तिथले खरे, बाकीचे अंदाजाने. भोंगवलीचे अंदाजाने. उपाशी पट्टीला कमी, मधलीला त्याहून जास्त, तिसरीला सगळ्यांत जास्त. पायऱ्यांसारखे नीट चढत गेलेले आकडे. कुणी प्रश्न विचारणार नाही असे. मधली पट्टी मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी हात थांबला नाही. तेव्हा मला अपराधीही वाटलं नाही, एक काम संपलं एवढंच वाटलं. ही गोष्ट मला आता सगळ्यांत जास्त टोचते.

रोहिणी नक्षत्र निघाल्यावर मी खरिपाच्या बैठकीसाठी भोंगवलीला गेलो. बैठक झाली तेव्हा दिरांनी मला बाजूला घेतलं. "सायेब, आक्काकडं जाऊन या. घरात तीन पोती गहू आन बाई रेशनच्या गव्हाची चपाती खातीया. आमी काय सांगितलं तर ऐकत न्हाई."

मी गेलो. आक्कांच्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून तीन पोती उभी होती. तिन्ही अर्धवट भरलेली. एकाच्या तोंडाला पांढरी चिंधी, एकाच्या हिरवी, एकाच्या लाल, एकाच जुन्या लुगड्याच्या काठाच्या नव्हे, तीन वेगवेगळ्या लुगड्यांच्या. चूक होऊ नये म्हणून.

"पांढरी उपाशी," आक्का म्हणाल्या. "हिरवी मधली. लाल तिसरी."

गव्हाला टोके, म्हणजे धान्यकिडे, लागले होते. लागू नयेत म्हणून त्यांनी दोनदा ऊन दिलं होतं. तेही तीन पोत्यांना तीन वेगळ्या दिवशी, म्हणजे अंगणात दाण्याला दाणा मिसळायला नको. मी पोत्यात हात घातला आणि काढून घेतला. तीन महिने होत आले होते.

"आक्का, खायचा ना. मी आलोच नाही तर काय करणार होतात?"

"तुमी म्हनला होतात येगळा ठेवा."

गाडीच्या डिकीत ताणकाटा होता. तो मी वाशाला अडकवला आणि दिरांनी एकेक पोतं उचलून लावलं. मी वाचत गेलो, आक्का मनात ठेवत गेल्या. लाल पोतं बरंच जड भरलं. हिरवं आणि पांढरं यांत जेमतेम दीड किलोचा फरक आला. मधल्या पट्टीला घातलेलं सगळं सुपर फॉस्फेट एवढ्यासाठी.

"म्हंजी मधली आन उपाशी सारखीच," आक्का म्हणाल्या.

"जवळजवळ."

"कागदावर काय गेलंय मंग?"

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अहवाल उन्हाळ्यातच जातात हे त्यांना ठाऊक होतं, आणि मी आलेलो नव्हतो, हेही. मी खोटं बोलू शकलो असतो. काट्याकडे बघत खरं सांगितलं, "अंदाजाने लिहिलं आक्का. मधलीला जास्त लिहिलं."

"मधलीला जास्त."

"हो."

"मंग लोक वाचत्याल आन मधलीसारखंच करत्याल."

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "आक्का, ते कुणी वाचत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एखादी बाई चुकीच्या घरात शिरली तर बघेल तशा.

"मंग ल्हिता कशापायी?"

दीर उगाचच पोतं सारखं करू लागले. आक्का उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि चहा ठेवला. चहा दिला तेव्हा म्हणाल्या, "औंदा पुन्यांदा करू. ह्या बारीला काट्यापाशी तुमी पायजेल."

मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. आमच्या कार्यालयात ते बघून सांगण्यात आलं, की अहवाल पुढे गेलाय, आता राहू द्या. पत्राची एक प्रत मी माझ्याजवळ ठेवली. तिचा उपयोग काय, ते मला माहीत नव्हतं.

दसऱ्यानंतर मी ठरल्याप्रमाणे भोंगवलीला गेलो तर आक्कांच्या दाराला कुलूप होतं. दीर गोठ्यात होते. म्हणाले, "तिच्या अंगावरनं वारं गेलं सायेब. उजवी बाजू गेली. बोलनं बी नीट कळत न्हाई. लेक येऊन पालीला घिऊन गेली."

मी गाडीला टेकून उभा राहिलो. परत फिरावं असं वाटलं. मनापासून वाटलं. तेवढ्यात दीर म्हणाले, "पट्ट्या आखल्यात. मागल्या साली उपाशी होती, ती जागा सोडून. दुखन्याच्या चार दिस आधीच तिनं माझ्याकडनं आखून घेतल्या."

खताच्या चाड्यावर तीच दहा मोजणारी बाई आली. बियाच्या चाड्यावर कुणी मिळालं नाही. मी पँट दुमडली आणि चाडं धरलं. तीस वर्षं लोकांना पेरणीबद्दल सांगत आलो होतो. पहिल्या ओळीतच माझ्या मुठीतून कधी पाच दाणे पडत तर कधी पन्नास. दिरांनी बैल थांबवले, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "सायेब, गहू हाय ह्यो. अक्षता न्हाईत."

शेवटी त्यांनी बैल माझ्या हाती दिले आणि चाडं स्वतः घेतलं. बैलांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, ते आपले सरळ चालत राहिले. आक्कांसारख्या ओळी झाल्या नाहीत, पण तिन्ही पट्ट्यांना एकच हात लागला.

या खेपेला उपाशी पट्टी आत होती आणि फलक रस्त्याच्या कडेला. दर पंधरवड्याला गेलो. फाल्गुनात कापणीच्या दिवशी रजा टाकली. सकाळपासून खळ्यावर बसलो, मळणी वेगळी करून घेतली आणि तिन्ही पोती दोन-दोनदा तोलली. गेल्या वर्षीसारखंच आलं. तिसरी पुढे, आणि मधली उपाशीच्या शेजारी. मी ते एका कागदावर नीट लिहिलं, खाली सही केली आणि दिरांचीही सही घेतली.

पालीला मात्र लगेच गेलो नाही. मार्च संपत होता, कामं होती. भोरहून पाली म्हणजे अख्खा दिवस जातो, रविवारी जाऊ, असं म्हणत तीन रविवार गेले.

गेलो तेव्हा ऊन चढलं होतं. नसरापूरवरून आत वळलं की रान बदलतं. भाताची खाचरं मोकळी पडलेली, वर राजगड. मुलीचं घर वाटेवरच होतं. पडवीत तीन-चार बाकडी टाकून ती गडावरून उतरणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून द्यायची. पाचसहा पोरं-पोरी घामेजलेली बसली होती. मी आत वाकून माझी ओळख सांगितली. भोंगवलीचा, कृषी खात्यातला, आक्कांना भेटायला आलोय.

ती परातीवरून उठली. हाताला पीठ तसंच. "आई गेली," ती म्हणाली. "तेरावं होऊन चार दिस झालं."

मी मनात दिवस मोजायला लागलो, आणि मोजणं सोडून दिलं.

तिने बाकडं पुसून मला बसवलं आणि पाणी दिलं. मग कशासाठी आला होता, असं तिने विचारलं. मी खिशातून कागद काढला. गव्हाचे आकडे आहेत, म्हणालो. आईंनी करायला सांगितलं होतं. आता त्याचं काही नाही.

"वाचा की."

"तुमच्याकडे गहू होत नाही. तुम्हाला कशाला त्रास?"

"आलाय तर वाचा."

मी वाचलं. उपाशी पट्टी इतकी, मधली इतकी, तिसरी इतकी. म्हणजे नुसत्या सुपर फॉस्फेटने फारसं काही झालं नाही, जस्त दिलं तेव्हाच पीक सुधारलं.

तिने पुन्हा विचारलं, "मधली आन उपाशी?"

"सारखीच म्हणायची. दोन्ही वर्षी."

ती समोरच्या बाकड्यावर बसली. आतून कुणीतरी भाकरी मागितली, तिने ऐकलं नाही.

"आई सारखी त्येच म्हनायची," ती म्हणाली. "हितं आल्यापास्नं. दुसरा शबूद फुटत नव्हता, पर दिसभर एकच. मधली आन उपाशी सारखीच. मधली आन उपाशी सारखीच. ही गडावरची पोरं जेवाया बसली की त्यांना बी तेच. ती हसायची. आमाला वाटलं, तिला घरातलं कुनीतरी उपाशी दिसतंय. मी दोन-दोनदा जेवाया वाढायची. डाक्टर म्हनला, डोक्यावर परिनाम झालाय, लक्ष नका दिऊ." ती थांबली. "म्हंजी आई शुद्धीत होती."

"हो," मी म्हणालो. "पूर्ण शुद्धीत होत्या."

तिने पदराने तोंड पुसलं, तर पीठच लागलं गालाला. मग ती उठून मागच्या दाराशी गेली. तिचा नवरा तिकडे लाकडं फोडत होता.

"अवो, हिकडं या," तिने हाक मारली. "ऐका ह्ये सायेब काय वाचत्यात ते."

तो घाम पुसत आला आणि दारात उभा राहिला. मी कागद पुन्हा उघडला आणि पहिल्यापासून वाचायला लागलो.